धरण भरण्याआधीच पाणी का सोडतात?

पावसाळ्यात वर्तमानपत्रात बातमी येते : ‘धरण ८० टक्के भरले, दरवाजे उघडले, नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा.’ ती वाचून एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, अजून २० टक्के जागा रिकामी आहे. ती भरेपर्यंत थांबले, तर काठावरची घरे वाचणार नाहीत का?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गणितात सापडते.

प्रथम दोन मापे समजून घेऊ. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर पाणी वाहत असेल, तर तो प्रवाह एक क्युसेक. साठा मोजतात टीएमसीमध्ये. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. क्युसेक हा प्रवाहाचा दर आहे, तर टीएमसी हे आकारमान आहे. यांची गल्लत करू नये.

आता पुण्याजवळचे मुठा नदीवरील खडकवासला धरण घ्या. त्याचा उपयुक्त साठा सुमारे २ टीएमसी. २५ जुलै २०२४ रोजी तेथून सुमारे ३५,००० क्युसेक पाणी सोडावे लागले आणि पुण्यात नदीकाठच्या वसाहतींत पाणी शिरले. समजा, एवढीच आवक असताना सर्व दरवाजे बंद ठेवले. तासाला ३५,००० × ३,६०० = १२.६ कोटी घनफूट पाणी साठेल. म्हणजे पूर्ण रिकामे धरणही सुमारे १६ तासांत भरेल! २० टक्केच जागा उरली असेल, तर जेमतेम ३ तासांत. त्यानंतर येईल तेवढे सारे पाणी एकदम सोडावे लागेल. मग ती मध्यरात्र का असेना. आधीपासून थोडे थोडे सोडले, तर धरणात जागा होते आणि लोकांना सामान हलवायला वेळ मिळतो.

कोयनेची गोष्ट वेगळी. तिची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. एक लाख क्युसेकची आवक धरली, तरी ते रिकामे धरण भरायला १२ दिवस लागतील. म्हणून सर्व धरणांना एकच नियम लावता येत नाही.

मग धरणे पावसाळाभर रिकामीच ठेवावीत का? तसे केले आणि पुढे पावसाने दडी मारली, तर उन्हाळ्यात पिके वाळतील, नळ कोरडे पडतील. पाऊस चार महिन्यांचा, तहान बारा महिन्यांची!

यासाठी राज्याचा जलसंपदा विभाग ‘जलाशय परिचालन सूची’ वापरतो. कोणत्या तारखेला पाणी कोणत्या पातळीपर्यंत साठवावे, हे मागील अनेक वर्षांच्या आवकेवरून तीत ठरवलेले असते. सुरुवातीला पुरासाठी जागा राखतात. पाऊस ओसरू लागला की पातळी वाढू देतात. पातळी त्या दिवसाच्या मर्यादेवर गेली आणि वर पाऊस चालूच राहिला, की विसर्ग सुरू होतो. मात्र यंदाचा पाऊस मागील वर्षांप्रमाणेच पडेल, याची हमी कोण देणार? म्हणून दरवाजा उघडण्याचा निर्णय नेहमी दोन धोके तोलूनच घ्यावा लागतो : आजचा पूर आणि उद्याची टंचाई.

आता तुम्ही एक उदाहरण सोडवा. १० टीएमसीच्या धरणात ७ टीएमसी पाणी आहे. आवक ५०,००० आणि विसर्ग २०,००० क्युसेक आहे. धरण किती वेळात भरेल? (उत्तर : सुमारे २८ तास.) विसर्ग शून्य केला, तर किती वेळ मिळेल, तेही काढा, मग दरवाजे बंद ठेवायचे की नाही, ते तुम्हीच ठरवा.