पांढरी एक, पण ग कोणता?

गणपतीतल्या कार्यक्रमात गिटारवाल्याला स्केल विचारली. तो म्हणाला, "सी." म्हणजे आपली पांढरी एक. मी खिशातून सी चा दहा भोकांचा माउथ ऑर्गन काढला. मुखडा संपताच ४, ५ आणि ६ नंबरची भोकं एकदम फुंकली, आणि गायिकेने गाता गाता मान वळवून माझ्याकडे पाहिलं. गाणं सी मायनरचं होतं. तिचा कोमल ग, आणि त्याला घासून माझा शुद्ध ग! चूक गिटारवाल्याची अर्धी, माझी पूर्ण.

वाद्यही फसवं. सी च्या माउथ ऑर्गनवर कुठंही फुंका, सा, ग, प हेच सूर येतात आणि ग शुद्धच असतो. काही न ऐकता तुम्ही मेजर वाजवत राहता, कान आळशी होतो. मधल्या सप्तकात त्या सा चा कोमल ग, म्हणजे काळी दोन, साध्या फुंकेने निघतच नाही. भूप छान वाजतो. ग उतरवून शिवरंजनी करायला गेलात की हात टेकावे लागतात.

पण कान तयार होतो तो याच वाद्यावर. ४-५-६ फुंका: मेजर. तीच भोकं ओढा: रे-म-ध, मायनर. मग नुसती ४ आणि ५ ऐका. फुंकताना दोन सुरांत चार अर्धस्वरांचं अंतर, ओढताना तीन. मी महिनाभर मुलीला वाजवायला लावून डोळे मिटून ओळखायचो. सुरुवातीला दहातले चार चुकायचे.

उदास वाटलं की मायनर, हे ज्याने मला शिकवलं त्याला मी अजून शोधतोय. विसर्जनाला नाचतो त्यातली कितीतरी गाणी मायनरच असतात.

आणखी एक खड्डा. सगळे सूर सी मेजरशी जुळले म्हणून गाणं सी मेजरचं ठरत नाही. ए मायनरचेही तेच सात सूर. ओळ कुठे टेकते ते बघा. ४ फुंकून विसावली तर बहुधा मेजर, ६ ओढून विसावली तर ए मायनर. शंका असेल तर टेकलेल्या सुराला सा धरून गुणगुणा आणि ग कुठला लागतो ते ऐका.

सी मायनरसाठी आता ई फ्लॅटचा माउथ ऑर्गन जवळ असतो; त्यात ६ नंबर ओढला की सी मिळतो. गिटारवाला अजूनही नुसतं "सी" म्हणतो. मी त्याला हळूच ग गुणगुणून दाखवतो. त्याने मान हलवली की मगच डबी उघडतो.