बल आणि लवचिकपणा यांचा संयुक्त व्यायाम

सांगोल्याला लागून असलेला आटपाडीचा मुलूख एकेकाळी औंध संस्थानात मोडत असे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. या व्यायामात पुढे वाकताना मांडीमागील स्नायू ताणले जातात आणि साष्टांग स्थितीत जाताना देहाचा भार हातांनी तोलावा लागतो. साधनांवाचून चालणाऱ्या खेड्यातील शाळेस तो म्हणूनच सोयीचा होय. मात्र त्यात ओढण्याची क्रिया नाही. ती उणीव दोरावर चढण्याने किंवा बळकट फांदीला लोंबकळण्याने भरून काढावी.

सहावी-सातवीच्या सुमारास उंची झपाट्याने वाढू लागते. मुलींची ही वाढ मुलांच्या सुमारे दोन वर्षे आधी होते. जोर-बैठकांनी वाढ खुंटते, ही पालकांची समजूत निराधार आहे. वयात येण्यापूर्वी जे बल वाढते ते मुख्यत्वे मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगल्या रीतीने कामास लावते म्हणून. तेव्हा दंडाचा घेर मापून प्रगती ठरवू नये.

प्रगती मापावी ती पुढील रीतीने. बलासाठी जागेवरून लांब उडी आणि न थांबता काढलेले जोर. लवचिकपणासाठी मुलास पाय सरळ करून, तळवे भिंतीला टेकवून बसवावे. गुडघे न वाकविता बोटे भिंतीपासून किती अंतरावर राहतात ते पट्टीने मोजावे. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच मागील आकड्याशी करावी.

आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून, हा पाठ घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस सांगितला आहे. आरंभी धावणे, मग बलाचे व्यायाम, आणि अंग तापल्यावर शेवटी ताण. ताण देताना हिसके देऊ नयेत. वीसेक सेकंद स्थिर राहावे. मुलींना पाणी भरण्यास वा वर्ग झाडण्यास पाठवून हा तास मुलांपुरता ठेवणे सर्वथा अयोग्य होय.

उठाबशा शिक्षा म्हणून देण्याची जुनी खोड अजून कोठे उरली असेल तर ती मोडावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस मनाई आहेच; शिवाय शिक्षेत भोगलेला व्यायाम मूल आपण होऊन करीत नाही.

सोलापूरचा उन्हाळा ध्यानी घेऊन मार्चपासून हा पाठ सकाळच्या शाळेत आरंभीच घ्यावा. पहिली मापे जूनमध्ये, दुसरी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आणि तिसरी सुट्टी संपताच घ्यावीत. खंड पडला की मिळविलेले बल उतरू लागते; ते किती उतरले, हे मुलांनी वहीतील आपल्याच आकड्यांवरून पाहावे.