दुसऱ्या जागेची तजवीज

शहाणा शेतकरी पुढील हंगामाचें बियाणें एकाच कणगींत भरून निश्चिंत होत नाहीं, हें आम्हां शिरपूरकरांस सांगावयास नको. हाच विचार संगणकाच्या कामास कसा लागू पडतो, तें या लेखांत पाहूं.

संगणकाचीं पुष्कळ कामें नेमल्या वेळीं आपोआप होत असतात. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचेंच उदाहरण घेऊं. बाजार बंद झाल्यावर कोणीं कोणास किती द्यावयाचें, याचा हिशेब रोज ठरल्या वेळीं होतो. सन २०२३ च्या जानेवारीअखेरपासून शेअरांचा प्रत्येक सौदा लगतच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत पुरा करावा लागतो. म्हणून एका रात्रीचा हिशेब चुकला, तर शिरपुरांतून मोबाइलवर शेअर विकणाऱ्याचेहि पैसे अडतील.

यासाठीं अशा संस्था मूळ जागेखेरीज आणखी दोन जागा राखतात. जवळच्या जागीं प्रत्येक नोंद तत्काळ उतरते. दूरची जागा शक्यतों निराळ्या भूकंपपट्ट्यांत असावी, अशी अपेक्षा असते. या बाजाराची ती चेन्नईस आहे. अंतरामुळें तेथील प्रत किंचित् मागें राहते, परंतु मुंबईवर संकट आलें तरी ती वांचते.

पण जागा असणें निराळें आणि ती वेळेवर उपयोगीं पडणें निराळें. ता. २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं या बाजाराच्या, दोन निरनिराळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या, दळणवळणाच्या तारा बिघडल्या. सकाळीं ११-४० वाजतां थांबलेले व्यवहार दुपारीं ३-४५ ला सुरू झाले. त्या दिवशीं काम चेन्नईस हलविलें गेलें नाहीं. अर्धवट बिघाडांत 'आतां हलवावें' हें केव्हां ठरवावें, हाच कठीण प्रश्न असतो. त्याच वर्षीं सेबीनें नियम केला, कीं ३० मिनिटांच्या आंत आपत्ति जाहीर करावी, तेथून ४५ मिनिटांत काम पुन्हां चालू करावें, आणि १५ मिनिटांहून अधिक काळाच्या नोंदी गमावूं नयेत.

नेमलेल्या कामांसाठीं आणखी तीन गोष्टी लागतात. पहिली, नोंदींबरोबर कामांचें वेळापत्रक व त्यांचा क्रमहि दुसऱ्या जागीं असावा. दुसरी, प्रत्येक काम संपतांच तशी खूण नोंदली जावी. नाहीं तर झालेलें काम पुन्हां होऊन एकच रक्कम दोनदां दिली जाईल. तिसरी, एका वेळीं एकाच जागेनें तीं कामें चालवावीं.

शेवटीं तालीम हवी. शनिवार, ता. २ मार्च २०२४ रोजीं या बाजारानें मुद्दाम विशेष सत्र भरविलें. सकाळीं ९-१५ ते १० मूळ जागेवरून आणि ११-३० ते १२-३० दुसऱ्या जागेवरून खरे व्यवहार झाले.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या प्रकल्पाची दुसरी प्रत आपण ठेवीत असालच. ती दुसऱ्या संगणकावर उघडते कीं नाहीं, हें आजच एकदां पाहून घ्या.