नव्याने बांधलेली चेतक ओढत नाही? या क्रमाने शोधा

जुन्या टू-स्ट्रोक चेतकचं इंजिन बांधून आणलंत. बोअर झालं, पिस्टन-रिंगा नव्या बसल्या, गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला सुरूही होते. पण डबल सीट घेतलं किंवा चढ लागला की दम टाकते. काळजी करू नका, आणि इंजिन लगेच परत खोलू तर मुळीच नका. अशा वेळी दोष बहुतेकदा इंजिनाच्या आत नसतो. नव्या इंजिनाला तोच जुना सायलेन्सर, जुनी नळी, जुनी वायर लावलेली असते, आणि दोष तिथे दडलेला असतो. म्हणून आपण बाहेरून आत जाऊ. प्रत्येक पायरीनंतर गाडी चालवून बघा, मगच पुढे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर नेमकं काय बिघडलं होतं ते कळणार नाही.

जवळ घ्या: प्लगपाना, फीलर गेज, पकड, स्क्रू-ड्रायव्हर, पारदर्शक रिकामी बाटली, जाड फडकं आणि एक नवा प्लग. पेट्रोलचं काम उघड्यावर, सावलीत करा. नागपुरात मे महिना असेल तर सकाळी आठच्या आत उरका. आसपास बिडी-काडी नको.

१. मीटर पाहा. नव्या बोअरवर ५०० किमी झाले नसतील तर इंजिन थोडं घट्ट राहणारच. टॉपमध्ये ४० च्या आत चालवा. सावध: या काळात चढावर मूठ पूर्ण पिळली तर पिस्टन धरू शकतो.

२. गाडी सकाळी चढावर न्या (नागपुरात सेमिनरी हिल्सचा चढ चालेल) आणि तिसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या मुठीवर, कान देऊन ऐका. आवाज वाढतो पण वेग वाढत नाही? घुसमटते? की पाच-दहा मिनिटं छान चालून तापल्यावर मरगळते? जे जाणवेल ते कागदावर लिहून ठेवा. पुढे याच कागदाचा उपयोग होणार आहे.

३. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करा, मागचं चाक अधांतरी धरा आणि हाताने फिरवा. फिरवताना ‘खर्र’ आवाज येऊन चाक अडतं का? मग ब्रेकची वायर सैल करा. सावध: सैल केल्यावर पेडल दाबून ब्रेक नीट लागतो याची खात्री करा.

४. क्लचचा दांडा हलकेच ओढा. टोकाला २ मिमीच्या आसपास ढील जाणवली पाहिजे. ढील नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि घसरतो. पायरी २ मध्ये नुसता आवाज वाढत होता ना? तर गुन्हेगार बहुधा हाच.

५. एअर क्लिनर काढून धुवा, पूर्ण वाळवा. सावध: क्लिनर न लावता गाडी पळवू नका, धूळ थेट नव्या बोअरमध्ये जाईल.

६. इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण पिळा आणि कार्ब्युरेटरचा दांडा शेवटपर्यंत सरकतो का ते पाहा. बांधणीनंतर वायर आखूड बसली तर मूठ पुरी फिरते, पण कार्ब्युरेटर अर्धाच उघडतो. त्याच बैठकीत चोक पूर्ण परततो का तेही बघा.

७. टाकीतलं थोडं पेट्रोल बाटलीत काढून स्थिर ठेवा. तळाशी पाणी किंवा गंज दिसला तर टाकी रिकामी करून धुवा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवतं.

८. ताजं पेट्रोल मोजून मिसळा: १ लिटरला २० मिली टू-टी ऑइल. सावध: अंदाजाने ओतू नका. जास्त झालं तर धूर आणि कार्बन, कमी झालं तर पिस्टन धरेल.

९. कार्ब्युरेटरकडची नळी काढून कॉक उघडा आणि धार बाटलीत धरा. धार सलग हवी. मिनिटभराने बारीक झाली तर टाकीचं झाकण उघडून बघा. धार परत मोठी झाली तर झाकणाचं भोक बुजलंय. झाकण उघडूनही थेंबच? मग कॉकची जाळी किंवा नळी. टाकी परत बसवताना लांब नळीला मोड पडते, ती जरूर शोधा. ही चूक फार होते.

१०. मेन जेट काढा आणि हवेने फुंका. सावध: तार घालू नका, भोक मोठं होतं.

११. नवा प्लग ०.६ मिमी अंतर ठेवून लावा.

१२. मोकळ्या रस्त्यावर एक-दोन किमी चालवा, मग क्लच ओढून त्याच क्षणी इग्निशन बंद करा आणि प्लग काढून बघा. तपकिरी असेल तर उत्तम. काळा-ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त. पांढरा असेल तर थांबा! पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी हवा शिरतेय. असं चालवत राहिलात तर नवा पिस्टन जाईल. पायरी ९ पर्यंत सगळं ठीक असेल तर मेन जेट एक नंबर मोठा लावून बघा. सावध: मागून वाहन येत नाही ना, ते आधी पाहा, प्लग गरम असतो.

१३. सायलेन्सर थंड झाल्यावर त्याचा जोड सैल करून इंजिन क्षणभर सुरू करा. आता इंजिन मोकळं वाटलं तर सायलेन्सर आतून कार्बनने भरलाय. तो साफ करा, नाहीतर बदला. जुनाच सायलेन्सर न झाडता लावण्याची सवय सगळीकडे आहे, म्हणून ही पायरी टाळू नका.

१४. सिलिंडरवरचं पंख्याचं कव्हर बसवलेलं आहे का ते पाहा. हेच कव्हर पंख्याची हवा सिलिंडरवर वळवतं. ते नसेल तर ४५ अंशांत इंजिन दहा मिनिटांतच गळपटेल.

१५. पॉइंटवाली गाडी असेल तर अंतर फीलर गेजने ०.३ ते ०.५ मिमीमध्ये आणा. तापल्यावरच मिस मारत असेल तर कंडेन्सर बदला. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर ही पायरी सोडा.

१६. मॅग्नेटचा नट घट्ट आहे का तपासा. तो सैल राहिला तर मॅग्नेटला शाफ्टवर जागेवर धरणारी चावी कापली जाते, टायमिंग सरकतं आणि बाकी सगळं ठीक असूनही गाडी ओढत नाही. सावध: मॅग्नेट काढायला त्याचा पुलरच वापरा, हातोडी नको.

१७. कॉम्प्रेशन मोजा: इंजिन गार, मूठ पूर्ण उघडी, कॉम्प्रेशन गेज प्लगच्या जागी, चार-पाच किक. साधारण १०० पीएसआयच्या वर यायला हवं. सावध: वायरीला प्लग लावून तो बॉडीला टेकवून ठेवा, पण भोकापासून दूर.

१८. शेवटी गिअर ऑइल तपासा. ऑइल घटत असेल आणि दाट धूर येत असेल तर क्लचकडचं सील गेलंय. ऑइल ठीक, पण मूठ सोडूनही रेस खाली येत नसेल तर कार्ब्युरेटरचे नट आवळा. तरी येत नसेल तर मॅग्नेटकडचं सील.

सील किंवा कमी कॉम्प्रेशन निघालं तरच गाडी पुन्हा मेकॅनिककडे न्या. सोबत तुमचा कागद आणि शेवटी काढलेला प्लग द्या, आणि नेमकं कोणत्या बाजूचं सील बघायचं ते सांगा.