डोळ्यांचा श्वास

मुलांनो, परंड्याला किंवा नळदुर्गला उन्हाळ्याच्या दुपारी झोपताना माश्या त्रास देऊ लागल्या, तर तुम्ही तोंडावर पातळ ओढणी घेता. रजई घेत नाही. का बरे? रजईखाली जीव गुदमरतो. आपल्या डोळ्यांचेही असेच आहे.

बुबुळासमोर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. शरीराच्या बहुतेक भागांना रक्तातून प्राणवायू मिळतो. पारपटलात मात्र रक्तवाहिन्या नसतात. मग त्याला प्राणवायू कोठून मिळतो? हवेतील प्राणवायू अश्रूंत विरघळतो आणि अश्रूंतून पारपटलात जातो.

काही लोक चष्म्याऐवजी डोळ्यांत मऊ भिंग, म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स, घालतात. १९६१ साली चेकोस्लोव्हाकियातील रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांनी अशी भिंगे घरीच तयार केली. त्यासाठी त्यांनी खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून यंत्र बनवले होते!

भिंग घातले की हवा आणि पारपटल यांच्यामध्ये आडपडदा येतो. एकाच पदार्थाची दोन भिंगे घ्या. एक दुसऱ्याच्या दुप्पट जाड असेल, तर प्राणवायू पार जाऊ देण्याची त्याची क्षमता निम्मीच असते. प्राणवायू कमी पडला की पारपटलात लॅक्टिक आम्ल साठते. त्यामुळे पाणी आत ओढले जाते आणि पारपटल सुजते. नजर धूसर होते, दिव्याभोवती कडे दिसू लागते.

झोपेत पापण्या मिटलेल्या असतात. तेव्हा भिंग नसतानाही पारपटल सुमारे ३ ते ४ टक्के सुजते आणि जाग आल्यावर पूर्ववत होते. जुन्या प्रकारचे जाड भिंग घालून झोपल्यास ही सूज १० टक्क्यांहून अधिक होऊ शकते. १९९९ च्या सुमारास सिलिकॉनयुक्त मऊ भिंगे बाजारात आली. त्यांतून प्राणवायू कितीतरी जास्त जातो. तरीही भिंग घालून झोपल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

तुमची आपा किंवा भाईजान भिंग वापरत असतील, तर झोपण्यापूर्वी ते काढायची त्यांना आठवण करा. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा अंधूक दिसू लागले, तर भिंग लगेच काढून नेत्रतज्ज्ञांकडे जायला सांगा. चष्मा दुसरा मिळतो. डोळा मिळत नाही.

स्वाध्याय
१. पारपटलाला प्राणवायू कसा मिळतो?
२. जाड भिंगामुळे पारपटल का सुजते?
३. 'जीव गुदमरणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.