भोवऱ्याआधी डोळा बघा

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडी दाखवायला काढली की जाणत्यांचा हात आधी तिच्या कपाळावर जातो. केसांचा भोवरा एक की दोन, गळ्याला देवमण हा शुभ भोवरा आहे का, केसांची गोम कुठं उतरते. पाय, खूर, दात यांची पाळी त्यानंतर. आमची हरणीही अशीच पारखून घेतलेली. रंग कुमैत, अंगानं पाणीदार. फक्त डोळ्यांच्या रेषेच्या वर दोन भोवरे एकमेकांना चिकटून. तेवढ्यासाठी गिऱ्हाइकं मागं सरली, भाव उतरला आणि ती मुखेडला आमच्या गोठ्यात आली.

तिच्यावर बसून मी बालाघाटाच्या माळावर खूप हिंडलो. पाणंदीनं, गाडवाटेनं, लेंडीच्या पाण्यातून. लगाम सैल सोडला तरी वाट सोडायची नाही. मग एका सोयाबीनच्या सुगीत, गंजीवरची ताडपत्री डाव्या हाताला फडफडली आणि हरणी उजवीकडं अशी उडाली की मी बांधावर आदळलो. खांद्याजवळचं हाड मोडलं. पुढं मुलानं बसून पाहिलं, तेव्हाही तेच. आमचे आप्पा म्हणाले, "दोन भोवऱ्यांची हाय, बुजणारच ती." शेजारीपाजारी विकून टाका म्हणाले. भोवऱ्यानं कारण आयतं हाती दिलं होतं, त्यामुळं दुसरं कारण शोधायची कुणाला गरजच वाटेना.

मला मात्र एक गोष्ट खुपत होती. उजव्या अंगानं ट्रॅक्टर गेला तरी ती कान हलवून उभी राहायची. बुजायची ती डावीकडचंच काही बघून. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन अंगांना असतात. नाकासमोरची आणि शेपटीमागची थोडी जागा सोडली तर त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण बाजूचं जे दिसतं ते एकेका डोळ्यानं. एक डोळा अधू झाला की त्या अंगाची वस्तू अचानक अंगावर आल्यासारखी होते.

पशुवैद्यांनी हरणीला उन्हात उभं केलं. डाव्या बुबुळावर निळसर धुरकटपणा होता आणि आत पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा वळवळत होता. हा किडा मूळचा गाई-म्हशींच्या पोटातला. तिथं तो सहसा त्रास देत नाही. डास चावताना त्याची पिल्लं घोड्याच्या अंगात सोडतात. तिथं ती वाट चुकतात आणि कधी डोळ्यात, कधी मणक्यात जातात. आमची घोडी लाल कंधारी बैलांच्या दावणीलाच बांधलेली असायची. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रक्रिया करून किडा काढला. धुरकटपणा ओसरायला वेळ लागला, पण ओसरला. कपाळावरचे दोन्ही भोवरे आहेत तिथंच आहेत, आणि हरणी ताडपत्रीजवळून चालत जाते.

भोवरे बघणं मी थोतांड मानत नाही. वराहमिहिरानं बृहत्संहितेत घोड्याच्या लक्षणांत भोवऱ्यांच्या जागा नोंदवल्या आहेत. अमेरिकेत पशुवर्तनाच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली गुरांवर अभ्यास प्रसिद्ध केला. डोळ्यांच्या वर भोवरा असलेली जनावरं खोड्यात अडकवल्यावर जास्त बिथरतात, असं त्यांना आढळलं. गर्भात कातडी आणि मेंदू एकाच थरातून घडतात, म्हणून असा संबंध असू शकतो. पण हा कळपाचा कल झाला. एका घोडीचा स्वभाव त्यावरून ठरवता येत नाही, आणि मालकाचं घर बुडेल की तरेल हे तर नाहीच नाही. अमुक जागी भोवरा म्हणून घोडी कुलक्षणी ठरते, या हातातून त्या हातात विकली जाते, मार खाते. मग ती खरंच बुजरी होते. हे मी बाजारात पाहिलं आहे आणि त्याचा मला संताप येतो.

म्हणून घोडी घेताना तिला सावलीतून उन्हात आणा आणि दोन्ही डोळे सारखे उघडतात का, पाणी गळतं का ते बघा. एक डोळा झाकून दुसऱ्यासमोर बोटं हळू हलवा आणि पापणी मिटते का बघा; वारा लागू देऊ नका, वाऱ्यानंही पापणी मिटते. मग डोळा बदला. खोगिराखाली पाठीवर आणि तंगाच्या जागी दाबून बघा, कारण दुखणारी पाठही घोड्याला उधळायला लावते. व्यापाऱ्यानं घाई केली तरी दोन्ही अंगांनी चढा-उतरा आणि गर्दीतून चालवून पाहा. घरची शांत घोडी एकाएकी बुजू लागली तर कुठल्या अंगाला बुजते ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा. आमच्याकडं त्यावरूनच छडा लागला.

डोळ्यातला तो किडा टाळायला पावसाळ्यात घोडी गुरांपासून लांब बांधा, संध्याकाळी धूर करा, गोठ्याजवळ पाणी साचू देऊ नका. मागचे पाय ओढत चालली, वळताना कंबर लचकली, तर तिला कुमरी हा आजार असू शकतो. तोच किडा मणक्यात शिरल्यानं तो होतो. तेव्हा डॉक्टरांना बोलवायला एक दिवसही थांबू नका.