बांधावरची निंबोळी व पिकावरची कीड

चाकणच्या बाजारांत कांदा-बटाटा आणणाऱ्या आमच्या शेतकरी बंधूंस किडीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. कांद्याच्या पातीवर पांढुरके चट्टे दिसले कीं फुलकिडे आले, हें ते तेव्हांच जाणतात. मग दुकानांतून उधारीनें औषध येतें. आणि त्यांच्याच बांधावर पडलेला निंबोळ्यांचा सडा मात्र पायदळीं जातो. ह्या निंबोळीचा उपयोग कसा करावा, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१९५९ सालीं सुदानांत टोळधाडीनें इतर झाडें फस्त केलीं, पण कडुनिंबास तोंड लाविलें नाहीं, असें श्मुट्टरर नांवाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञास आढळलें. पुढें १९६८ सालीं निंबोळींतील अझाडिरॅक्टिन हें कडू द्रव्य इंग्लंडांत वेगळें काढण्यांत आलें. हें द्रव्य किडीस तत्काळ मारीत नाहीं. तिची खाण्याची इच्छा मोडतें, व अळीस वेळेवर कात टाकूं देत नाहीं. म्हणून फवारणीच्या दुसऱ्या दिवशीं कीड जिवंत दिसली, तर श्रम फुकट गेले असें समजूं नये. मात्र अळ्या मोठ्या होण्यापूर्वींच फवारलें पाहिजे.

ज्येष्ठ-आषाढांत पडलेल्या पक्व निंबोळ्या वेंचाव्या. गर धुऊन काढावा, बिया सावलींत पातळ पसरून वाळवाव्या व गोणपाटाच्या पोत्यांत कोरड्या जागीं ठेवाव्या. बुरशी धरलेल्या बिया घेऊं नयेत. वर्षाहून जुन्या बियांचा गुणही उतरतो.

अर्क करतेवेळीं ५ किलो बिया कुटून ९ लिटर पाण्यांत रात्रभर भिजत घालाव्या. निराळ्या १ लिटर पाण्यांत २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा. सकाळीं अर्क फडक्यानें गाळून त्यांत साबणाचें पाणी मिसळावें, व एकंदर १०० लिटर होईल इतकें पाणी घालावें. कांद्याच्या गुळगुळीत पातीवर पाणी ठरत नाहीं, म्हणून साबण अवश्य पाहिजे. अर्क त्याच दिवशीं वापरावा. उन्हानें त्याचा गुण लवकर नासतो, यास्तव फवारणी सायंकाळीं करावी व आठ-दहा दिवसांनीं पुन्हा करावी.

करपा हा बुरशीचा रोग आहे. त्यावर ह्या अर्काचा भरंवसा धरूं नये. कीड हाताबाहेर गेली असल्यास राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचा सल्ला घ्यावा.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांसाठीं जमिनी गेल्या. त्यांबरोबर बांध मोडले व बांधावरचीं झाडेंही गेलीं. उरलेल्या शेतांतील कडुनिंब सावलीनें पीक मारतो म्हणून तोडण्यापूर्वीं विचार करावा. नव्या रोपास फळ धरण्यास तीन ते पांच वर्षें लागतात. कुऱ्हाडीस एक प्रहरही लागत नाहीं. फांद्या छाटाव्या, पण झाड राखावें, आणि येत्या पावसाळ्यांत निंबोळी वेंचण्यास विसरूं नये, एवढीच वाचकांस आमची विनंती आहे.